गोणपाट

डबऱ्याच्या मंडीतलं गव्हाचं रिकामं पोतं,
घट्ट गुंडाळून, सुतळीनं टाचून केलेली
वीतभर वळकटी. एवढंच भांडवल.
तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ आठवड्यांची गोखरू,
आवाज बेताचा, राग मोठ्या कुत्रीचा.

कागदावर तिचं नाव वेगळं आहे, पुढे नंबर.
पण टेकनपूरला पहिल्याच दिवशी
माझ्या पँटच्या घडीला चिकटली ती सुटेचना.
आई याला सराटा म्हणते,
ग्वाल्हेरात सगळे गोखरू.

भदौरिया उस्ताद कुंपणापलीकडून ओरडायचे,
"महाडिक, तोंडात कोंबतेस काय?
उंदीर कधी मांजरीच्या जबड्यात आपणहून शिरतो?
पळव. जमिनीलगत पळव."
पळवली. थांबवली. दडवली पायामागे.
वर खेचायचं नाही, मान कोवळी असते;
आडवं ओढायचं,
दाल बाजारच्या घरी रवीची दोरी फिरायची तसं,
थोडं तुझ्याकडे, थोडं माझ्याकडे.

आणि हरायचं.
हे जड गेलं. तीन भावांत वाढलेय,
पतंगाचा मांजासुद्धा कुणाला सुखानं दिला नाही.
पण तिनं दाढेपर्यंत पकडून मागे जोर लावला
की बोटं सैल करायची,
मग ती वळकटी उंच धरून मैदानाला फेरी मारायची,
वरातीतल्या घोड्यासारखी,
आणि फिरून माझ्याकडेच यायची.
एकट्यानं जिंकण्यात तिला काही राम नव्हता.

चौथ्या महिन्यात गोणपाटात एक दात निघाला,
तांदळाच्या कणीएवढा, बुडाशी रक्त.
आठवडाभर खेळ बंद.
दात उंदराच्या बिळात टाकायचा असतो.
मी काडेपेटीत ठेवला.

मग सोड.
बाकी सगळे छोड म्हणतात.
मी एका संध्याकाळी दमून मराठीत बोलले
आणि तिनं नेमकं तेच धरलं.
सोड म्हटलं की माझा हात मरतो,
मांडीला टेकलेला, खांबाचा हात.
ती ओढते, गुरगुरते, एक डोळा वर करून बघते.
मेलेल्या हाताशी किती खेळणार?
जबडा उघडतो,
आणि त्याच क्षणी "घे!"
अर्धा क्षण उशीर झाला तर सगळं फुकट.
सोडलं की परत मिळतं:
दिवसाला वीस वेळा, पावणेदोन महिने.
तिला पटलं.
मला शिकवताना कुणी 'घे' म्हणायचं विसरलं असावं.

परीक्षेला बारा बॅगा होत्या, ओळीत.
सातवीपाशी ती बसली, नाक स्थिर, शेपटी मातीत.
बघणारे म्हणाले, काय बारूद ओळखते!
तिला कुठली बारूद?
त्या वासाच्या मागे कुठेतरी महाडिकचा हात आहे,
हातात वळकटी आहे,
एवढीच तिची विद्या, एवढीच देशसेवा.

जूनमध्ये थोइबा आला, इम्फाळकडचा,
तिला घेऊन जायला.
त्याच्या जिभेला 'ड' सापडेना.
मेसच्या नळाशी भांडी विसळताना घोकायचा,
सोद, सोद, सोद.
गोखरू त्याच्याकडे बघे, मग माझ्याकडे,
हा काय म्हणतोय, असं.
तिसऱ्या संध्याकाळी तिनं सोदवर सोडलं.
तो इतका हसला की घे म्हणायचं राहिलं,
मी खेकसले त्याच्यावर,
नंतर त्याला चहा पाजला.

गाडीच्या फळीवर चढण्याआधी
तिनं वळकटी माझ्या गुडघ्यावर आपटली.
खेळलो थोडं. आडवं, हळू.
ती जिंकली, फेरी मारली, परत आली.
मी टोक धरलं, हात मारला.
"सोड."
तिनं सोडलं. लगेच, पूर्ण,
शिकवल्याबरहुकूम,
आणि वर बघत राहिली.

मी वळकटी थोइबाच्या हातात दिली.
'घे' आता त्यानं म्हणायचं होतं.
त्याला अर्धा क्षण उशीर झाला.

शिकेल तो.